बंधाऱ्यातली जाती

उंबरदऱ्याच्या बंधाऱ्यावर पाहुणे आले की लहानूकाका त्यांना भिंतीतले गोल दगड दाखवतात. मधल्या भोकांत चुना भरलेला आहे. ही दळणाची जाती. ती भिंतीत कशी आली, ते काका सावकाश सांगतात.

या माळावर झरी ही एकच नदी. वर उंबरदरा, तीन कोस खाली माळपेठ, आणि दहा कोसांत तिसरे गाव नाही. फार पूर्वी दोन्ही गावांनी मिळून हा बंधारा घातला. दगड कमी पडला, तेव्हा घरोघरी होते ते एकुलते जाते भिंतीला द्यायचे ठरले. त्याबदली बंधाऱ्यातून निघालेला पाट माळपेठेत उतारावरून खाली पडतो तिथे पाणचक्की बसवली. दोन्ही गावांचे दळण पाण्याच्या जोरावर होऊ लागले.

मग सलग दोन वर्षे पाऊस हुकला. उंबरदऱ्याचे सुभानराव पाटील म्हणाले, "आधी आपला मळा," आणि त्यांनी पाटाचे दार बंद केले. माळपेठेच्या विहिरी पाटावरच भरत. तीन दिवसांत त्यांनी तळ गाठला. लोक गाव सोडायला बिऱ्हाडे बांधू लागले, असे सांगतात.

चौथ्या दिवशी पाटलांच्या लेकीच्या लग्नाची हळद दळायची होती. पाटलांची बहीण भागीरथी हळकुंडांचे सूप घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"दादा, हळद कशावर दळू?"

"चक्कीवर पाठव."

"चक्की फिरायला पाणी कुठंय? तूच अडवलंस ना?"

"मग जातं काढा एखादं."

"काढते की. पहार दे. आपलं जातं भिंतीत, पाटाच्या दाराशेजारीच आहे, तळातून तिसरं. ते निघालं की बंधारा जाईल, मग बस तुझा मळा भिजवत."

हळदीला जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाटील हसले नाहीत. अनवाणीच बंधाऱ्यावर गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार उचलले, म्हणे.

पाणी माळपेठेत पोचायला संध्याकाळ झाली. बांधलेली बिऱ्हाडे तशीच टाकून माणसे पाटात उतरली. म्हातारी माणसे ओंजळीत पाणी धरून नुसती बघत राहिली. चक्की कुरकुरली, मग फिरू लागली.

आजही उंबरदऱ्याच्या लग्नाची हळद माळपेठेतच दळतात. पाट पडतो तिथे आता छोटे वीजघर आहे. दोन्ही गावांचे दिवे त्याच पाण्यावर लागतात. उन्हाळा कितीही कडक असो, पाटाचे दार चार बोटे तरी उघडे राहते. माळपेठेतली बाई रिकामा हंडा दाराशी ठेवून निर्धास्त झोपते.