राउटरबाईंची लेक

वायफाय घरोघरी नवंनवं आलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका घरात कपाटावर राउटरबाई राहायच्या. त्यांची एकुलती एक लेक म्हणजे लहर. आतल्या खोलीत पाळण्यावर घरच्यांनी जुना मोबाइल टांगला होता. बाळ उठलं की तो लहरीच्या हाती निरोप द्यायचा आणि ती स्वयंपाकघरात बाळाच्या आईच्या मोबाइलला सांगायची.

पण राउटरबाईंचा जीव सारखा धास्तावलेला. "मध्ये भिंत आहे गं. डोकं आपटलं म्हणजे?"

"आई, मी रोजच जाते की भिंतीतून."

"रोज जातेस, म्हणूनच काळजी."

शेवटी बाई लेकीला घेऊन शेजारच्या स्टीलच्या डब्यात शिरल्या आणि झाकण लावून बसल्या. लहर आतल्या आत इकडून तिकडे आदळत राहिली.

तेवढ्यात बाळ उठलं आणि पाळण्याच्या काठावर चढू लागलं. जुना मोबाइल हाका मारून दमला. "लहरताई, लवकर या, बाळ पडेल."

डब्यानं ते ऐकलं आणि झाकण उघडलं. "बाई, लेकीला माझ्या पोटात कोंडू नका. तुम्ही बाहेर बसा, मी तुमच्या पाठीशी उभा राहतो."

बाईंनी तसंच केलं. लहरीनं डब्याला पाय टेकून अशी उडी घेतली की भिंत कधी गेली ते कळलंही नाही. निरोप पोचला. पोळी तव्यावर तशीच टाकून बाळाची आई धावली आणि तिनं बाळाला उचललं.

लहर परतली, तेव्हा बाई तिचं डोकं चाचपत होत्या. "बघ, आलं ना टेंगूळ?"

"ते डब्यातलं आहे, आई."