वाळ्याने अडवलेले विष

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, ओढ्याच्या काठी एक पाणकोंबडी राहत असे. एका वर्षी डोंगरावरची जुनी, बंद पडलेली खाण ढासळली आणि तिच्यातले शिसे नि जस्त ओढ्यात उतरू लागले. मासे उलटे होऊन तरंगू लागले. बेडूक, खेकडे, सगळेच रान सोडून निघाले. "तूही चल," बगळा म्हणाला. पाणकोंबडी म्हणाली, "अंडी टाकून कुठे जाऊ, दादा?" ती एकटी मागे राहिली.

मुलांनो, तरीही तिची पिल्ले जगली! ओढ्याच्या वळणावर वाळ्याचे दाट गवत होते. त्याच्या वरच्या अंगाचे पाणी प्यायले तर घसा जळे. पण त्याच्या मुळांतून झिरपून खालच्या डोहात आलेले पाणी चांगले असे. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन तिथेच राही. असे का, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

एके सकाळी एक भुकेले रानडुक्कर आले आणि वाळा उकरू लागले. "थांब बाबा!" वाळा ओरडला. "माझी मुळे खाऊ नकोस, मरशील! ओढ्यातले विष मी मुळांत ओढून घेतो, तिथल्याच बारीक बारीक कप्प्यांत बांधून ठेवतो. पानांकडे फारसे चढू देत नाही."

रानडुक्कर दचकून मागे सरले. पाणकोंबडीने विचारले, "तुला त्रास होत नाही?"

"होतो की. वाढ खुंटली माझी. पण मला काही पळून जाता येत नाही. म्हणून विष सोसायला शिकलो."

पाणकोंबडीचे डोळे भरून आले. "रोज तुझ्या पायाशी पाणी प्यायले आणि एकदाही तुझी विचारपूस केली नाही. वाळ्या, माझी पिल्ले तुझ्यामुळे आहेत रे!"

"आणि मीसुद्धा," रानडुक्कर हळूच म्हणाले.

मग रानडुकराने वरच्या काठाची माती उकरून दिली आणि पाणकोंबडीने चोचीने वाळ्याचे फुटवे नेऊन तिथे लावले. हळूहळू सारा काठ हिरवा झाला. पाणी निवळले, बेडूक परतले. एक दिवस बगळाही आला आणि थेट पाण्यात चोच घालू लागला.

"दादा, आधी या वाळ्याला नमस्कार करा," पाणकोंबडी म्हणाली, "मग पाणी प्या."

तात्पर्य : जो स्वतः विष सोसून आपल्याला निर्मळ पाणी देतो, त्याचे उपकार ओळखावेत आणि त्याचा थोडा भार आपणही उचलावा.