काठावरच्या माणसाचा गूळ

एकदा एक निरोगी गृहस्थ आपल्या निरोगीपणामुळेच पेचात सापडला. त्याचे नाव मोतीराम. तालुक्याच्या गावी त्याचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते. वय बावन्न, अंग कष्टाचे, झोप गाढ. दवाखान्याची पायरी चढायची ती दुसऱ्या कुणाला भेटायला. अकरा वर्षांपूर्वी पत्नी गिरिजाच्या आग्रहावरून त्याने दोघांचा आरोग्य विमा उतरवला होता. तेव्हापासून दरवर्षी न चुकता हप्ता भरला, आणि विम्याची गरज एकदाही पडली नाही.

या वर्षी विमा कंपनीचे पत्र आले. वय वाढले म्हणून हप्ता वाढला होता, आणि तो इतका वाढला होता की मोतीरामने चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचले. चष्मा पुसून आकडे लहान होत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळले.

"अकरा वर्षं भरतोय," तो गिरिजाला म्हणाला. "बदल्यात काय मिळालं? एक कॅलेंडर. दोन वर्षांपासून तेही बंद झालं."

"मग काय, पैसे वसूल करायला आजारी पडायचं होतं?"

"चेष्टा नको. एवढ्या पैशात दुकानाला वाइंडिंगचं नवं मशीन येईल. डोळ्यांना दिसेल तरी."

गिरिजाने त्याच्या ताटात भाजी वाढली. गेल्या वर्षी तिच्या रक्तात साखर निघाली होती. विमा एकदा तुटला आणि पुन्हा नव्याने घेतला, तर अशा जुन्या दुखण्यांचा खर्च मिळायला काही वर्षे थांबावे लागते, असे एजंटने बजावून सांगितले होते. हे गिरिजाला ठाऊक होते आणि मोतीरामलाही. पण आपले दुखणे पुढे करून नवऱ्याकडून काही मागणे तिच्या स्वभावात नव्हते, आणि जे कुणी मागत नाही ते विसरणे पुरुषांना सोपे जाते.

"तुम्ही ठरवा," ती एवढेच म्हणाली. "पण ठरवा एकदाचं. भाजीत मीठ नव्हतं, तरी दोन वेळा वाढून घेतलीत."

हप्ता भरण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा मोतीरामने दुकानाला कुलूप लावले आणि बयाजीबाबांचे गाव गाठले.

बयाजीबाबा हे विहिरी खोदणारे जुने मिस्त्री. मोटारींच्या धंद्यात पडण्यापूर्वी मोतीराम आठ वर्षे त्यांच्या टोळीत विहिरी खोदत होता. पहार कशी धरावी, खडक कुठे फुटतो, मुरूम कुठे दगा देतो, हे सारे त्यांनीच शिकवलेले. आता बाबांनी ऐंशी ओलांडली होती. विहिरीत उतरणे बंद झाले होते, पण पुतण्याच्या टोळीचे काम जिथे चाले तिथे ते जाऊन बसत. आयुष्यात काही सुचेनासे झाले की मोतीराम त्यांच्याकडे जाई. त्यांनी सरळ उत्तर एकदाही दिले नव्हते, आणि तरी तो दर वेळी उत्तर घेऊन परतला होता.

बाबा एका चाळीस फूट खोल विहिरीच्या काठावर, दगडावर बसलेले सापडले. खाली दोघे जण खणत होते. यारी, म्हणजे दगडमाती वर ओढून काढणारे यंत्र, कुरकुरत होते. आणि काठाला टेकून सखाहरी नावाचा एक वयस्क माणूस उभा होता. खणणाऱ्यांच्या कमरेला बांधलेल्या दोरांची वरची टोके त्याच्या हातात होती. खाली काही घसरले, कुणाला भोवळ आली, तर ओढून घ्यायचे, हे त्याचे काम. बाकी दिवसभर त्याने खाली बघायचे आणि उभे राहायचे.

या काठावरच्या माणसाविषयी बाबांच्या टोळीत एक रीत होती. मजुरीत त्याला खणणाऱ्याइतकाच वाटा मिळे. आणि संध्याकाळी सगळे सुखरूप वर आले, की गुळाचा पहिला खडा त्याच्या हातावर ठेवला जाई. ज्या दिवशी त्याला काहीही करावे लागले नाही, त्या दिवशी तर खडा जरा मोठाच असे. ही रीत तरुण मोतीरामला कधीच पटली नव्हती. बावीस वर्षांचा असताना तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाबा, आम्ही घाम गाळायचा आणि ह्यानं नुसतं उभं राहायचं. वर गूळही आधी ह्यालाच?" बाबा तेव्हा हसले होते, उत्तर मात्र दिले नव्हते.

मोतीरामने आपला पेच सविस्तर सांगितला. कंपनीचे पत्र, मशीन, कॅलेंडर, काही वगळले नाही. गिरिजाच्या साखरेची गोष्ट त्याने सर्वांत शेवटी आणि जरा हळू आवाजात सांगितली.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, खालचे दोघे वर आले आणि लिंबाच्या सावलीत भाकरी सोडू लागले. बाबा म्हणाले, "मोत्या, खाली उतरतोस? मी हे पान खाऊन संपवीस्तवर बगू किती घमेली मुरूम भरतोस."

"आता? ह्या वयात?"

"शिडी हाय की. का मोटारी करून करून हात बायकी झालं?"

हे लागायचे तिथे लागले. मोतीरामने सदरा काढला, दोर कमरेला बांधला आणि शिडीला पाय लावला. तो अर्ध्यावर पोचला तेव्हा बाबांचा आवाज आला, "सखाहरी, तू बी जा. जेवून घे."

मोतीरामने वर पाहिले. काठावर दोर धरायला कुणीच नव्हते. पण अर्धी शिडी तर उतरून झाली होती, आणि बाबांपुढे माघार घ्यायची लाज. तळाला पोचून त्याने फावडे उचलले. दोन फावडी मुरूम ओढला आणि वर पाहिले. पुन्हा ओढला, पुन्हा पाहिले. वरून एक बारीक खडा सुटून टपकन पडला, तसा मोतीराम भिंतीला चिकटला आणि बराच वेळ तसाच राहिला. ज्या विहिरींत त्याने आठ वर्षे घालवली, तसलीच ही विहीर. पण आज तिची प्रत्येक कपार त्याला डोळे वटारून बघते आहे असे वाटले. बाबांचे पान संपले तेव्हा तीन घमेली भरली होती, आणि तिसरे जरा अपुरेच होते.

"ऱ्हा खालीच," बाबा वरून म्हणाले. त्यांनी सखाहरीला हाक मारली. तो भाकरीचा शेवटचा घास चावत आला, दोर हातात घेतला आणि ओरडला, "हाय रं मी!"

बाबांनी दुसरे पान लावले. मोतीरामने पुन्हा फावडे घेतले. थोड्या वेळाने वरून पुन्हा खडा पडला. "खडा हाय बारका, काय न्हाई," सखाहरीचा आवाज आला, आणि मोतीरामने मान वर केलीही नाही. त्याचे हात जुन्या लयीत चालू लागले. मुरमाचा तो ओलसर वास, फावड्याचा आवाज. आपण किती वर्षांनी हे करतो आहोत या आनंदात तो काही वेळ विमाबिमा सगळे विसरून गेला. बाबांनी थांब म्हटले तेव्हा आठ घमेली शिगोशीग भरली होती.

तो वर आला, धापा टाकत बाबांसमोर बसला.

"पयल्या खेपंला तीन, दुसऱ्या खेपंला आठ," बाबा म्हणाले. "दोर एकदा तरी ताणला का?"

"नाही."

"सखाहरीनं तुला वर वढलं का?"

"नाही."

"हात तेच, फावडं तेच, मुरूम त्योच. मग वरची पाच घमेली कुणी भरली?"

मोतीरामची नजर काठावरच्या सखाहरीकडे गेली.

"लेका," बाबा शांतपणे म्हणाले, "तुला वाटतं, माणूस पडला की दोराचं काम सुरू हुतं. तसं न्हाई. माणूस खाली उतरला की त्याचं काम सुरू हुतं. तू आठ वर्सं माज्याकडं मान खाली घालून खणलंस. मान वर करायची पाळी आली न्हाई, ती त्या उभ्या माणसाची मजुरी. बावीस वर्सांचा असताना इचारलं हुतंस न्हवं, गूळ ह्यालाच का? आज सांगितलं. आणि अकरा वर्सांचं म्हणशील, तर पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला सगळी शिल्लक लावलीस, तवा हात आखडला का? गिरिजा आजारी पडली तर काय, म्हणून पैसा दडवून ठिवलास का? न्हाई. मग इमा वापरला न्हाई कसं म्हणतोस? रोज वापरलास. तुला कळलं न्हाई एवढंच."

मोतीरामला मुलीच्या कॉलेजची फी भरल्याचा दिवस आठवला. पासबुकात नावापुरती रक्कम उरली होती, आणि त्या दिवशीही तो गाढ झोपला होता. आपल्याला झोप चांगली लागते, ती आपल्या प्रकृतीमुळे, अशी त्याची आजवर समजूत होती.

"पण बाबा, हप्ता खरोखर झेपत नाही हो. आणि कंपन्या ऐनवेळी हात वर करतात, असंही ऐकतो."

"हे दोन इचार शाण्या माणसाचं हायेत," बाबा म्हणाले. "सखाहरी रोज सकाळी काय करतो? दोर हातभर हातभर तपासतो. पीळ सुटला का, गाठ ढिली का. तू तुजा कागद अकरा वर्सांत किती बारी वाचलास?"

तो कागद कपाटात, लग्नाच्या शालूखाली, जसा आला तसा पडून होता.

"वाच. आणि झेपत न्हाई म्हणतोस, तर दोर रेशमाचाच पायजे असं कुणी सांगितलं? काथ्याचा चालतो. फकस्त एक ध्यानात ठेव. स्वस्तात मिळतोय म्हणून आखूड घिऊ नको. तळाला न पोचणारा दोर बांधून उतरणारा माणूस बिनदोरावाल्यापेक्षा येडा."

मोतीरामने तिथूनच, लिंबाखाली उभे राहून एजंटला फोन लावला आणि हप्ता कमी कसा होईल ते विचारले. एजंट म्हणाला, दवाखान्यात स्वतंत्र खोलीऐवजी दोघांत एक खोली चालणार असेल, आणि बिलाचा सुरुवातीचा ठरावीक भाग स्वतः सोसायची तयारी असेल, तर हप्ता पुष्कळ खाली येईल. गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्त, इतकाच.

"मग हे मला आधी का सांगितलं नाहीस?"

"काका, तुम्ही दरवर्षी फक्त हप्ता किती तेवढं विचारता आणि फोन ठेवता. अजून कमी हवा असेल तर विम्याची मूळ रक्कम निम्मी करू का?"

"नको, नको. दोर तळाला पोचला पाहिजे."

"काय म्हणालात?"

"काही नाही. कागदाची भाषा समजावून सांगायला उद्या सकाळी घरी ये. प्रत्येक ओळ वाचणार आहे मी. मग हप्ता भरतो."

फोन ठेवला आणि त्याला एकदम हलके वाटले. छातीवर चार दिवस बसलेले काहीतरी उठून गेले. पैसे जायचे होते ते जाणारच होते, मशीनही या वर्षी येणार नव्हते, पण आपले पैसे दरवर्षी पाण्यात जातात ही जी बोच अकरा वर्षे होती ती नाहीशी झाली. त्याला मोठ्याने हसू आले. सखाहरी म्हणाला, "हसतोस काय? पयल्या खेपंला भित्तीला पालीवानी चिकटला हुतास. आरं, दोराचं टोक बाबांनी यारीच्या खांबाला आधीच बांधलं हुतं. तुला सुटा उतरवतील व्हय ते?"

मोतीरामने बाबांकडे पाहिले. बाबा पानाची चंची गुंडाळत होते, जणू त्यांनी काही ऐकलेच नाही.

संध्याकाळपर्यंत तो तिथेच थांबला. खणणारे दोघे वर आले, हातपाय धुतले. बाबांनी कागदाची पुडी सोडली. त्या दिवशी कुणी घसरले नव्हते, कुणाला भोवळ आली नव्हती, एकही दोर ताणला गेला नव्हता. बाबांनी मोठा खडा निवडून सखाहरीच्या हातावर ठेवला. मग दुसरा खडा मोतीरामपुढे केला.

"मला नको बाबा. हा घरी नेतो."

दिवेलागणीला तो घरी पोचला. गिरिजा दारातच उभी होती. काय ठरले, हे विचारायचे तिच्या ओठांवर आले होते आणि ते विचारायची भीतीही तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. मोतीरामने तिच्या हातावर गूळ ठेवला.

"हा कसला?"

"अकरा वर्षांत तुला-मला काही झालं नाही, त्याचा. द्यायचा राहून गेला होता." मग जरा थांबून तो म्हणाला, "हप्ता भरतोय. तुझी साखर माझ्या ध्यानात होती गं. विसरल्यासारखं केलं, ते चुकलं माझं."

गिरिजाने पदराने डोळे टिपले. मग साखरेची पथ्ये सांभाळणाऱ्या त्या बाईने गुळाचा तीळभर तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि उरलेला सगळा खडा नवऱ्याच्या तोंडात घातला.

"पुढच्या वर्षीही हाच गूळ खायला मिळू दे," ती म्हणाली.