ठिपकूचं अर्धं शेपूट

एक होतं पिल्लू. मांजराचं.
आधी दोन होती. आता एक होतं.

त्याचं नाव ठिपकू. नाकावर काळा ठिपका.
दुसरा होता ठिपकूचा दादा. दादा आता नव्हता.

ठिपकू कुंदामावशीकडे राहायचा. अगदी समुद्राजवळ. मावशी मासे विकायची.
संध्याकाळ झाली. मावशी बाजारातून आली. डोक्यावरची पाटी खाली ठेवली. धप्प!
"दमले गं बाई," मावशी म्हणाली. आणि पायरीवर बसली.

पाटी रिकामी होती. पण तळाशी एक पापलेट होतं. पांढरं पांढरं. घरासाठी ठेवलेलं.
मावशी पापलेट केळीच्या पानात भाजायची. शेपूट मिळायचं पिल्लांना. अर्धं दादाला, अर्धं ठिपकूला. नेहमी.

पायरीवर केळीचं पान होतं. धुतलेलं. वाऱ्यानं हललं. फडफड फडफड.
ठिपकूनं पाहिलं. थांबला नाही. मारली उडी!
चर्र... चर्र... चर्र!
पानाच्या झाल्या चिंध्या.

दादा असता तर म्हणाला असता, "अरे, थांब."
दादा नव्हता.

"मेल्या ठिपक्या! एकच पान होतं रे!"
"मग तव्यावर भाज ना, मावशी."
"तेल संपलंय. दुकानात जायला पाय उठत नाहीत."
"मग उद्या भाज."
"उद्या गुरुवार. गुरुवारी आपल्या घरात मासे नाहीत. दिवा लावायच्या आत पान आण. नाही तर पापलेट जाईल शेजारच्या बायजाकडे."
"आणि शेपूट?"
"शेपूट काय, पापलेट सोडून इथं बसेल?"

ठिपकू निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

परसात होती केळ.
"केळबाई केळबाई, पान दे.
पान नाही, तर पापलेट नाही.
पापलेट नाही, तर शेपूट नाही.
आणि उद्या गुरुवार!"

केळ म्हणाली, "दमले रे ठिपक्या, दमले. दिवसभर उन्हात उभी. घोटभर पाणी दे, मग पान देते."

ठिपकू निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

विहिरीपाशी होती घागर. आडवी पडलेली.
"घागरबाई घागरबाई, पाणी दे.
पाणी नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पापलेट नाही.
पापलेट नाही, तर शेपूट नाही.
आणि उद्या गुरुवार!"

घागर म्हणाली, "दमले रे ठिपक्या, दमले. सकाळपासून खाली-वर, खाली-वर. आणि माझी दोरी कुठंय? दोरी आण, मग पाणी देते."

ठिपकू निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

किनाऱ्यावर होता जाळ्यांचा ढीग. ढिगात होती दोरी.
"दोरीबाई दोरीबाई, चल लवकर.
दोरी नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पापलेट नाही.
पापलेट नाही, तर शेपूट नाही.
आणि उद्या गुरुवार!"

दोरी म्हणाली, "दमले रे ठिपक्या, दमले. बघ, जाळ्यात किती गुंतलेय. मला सोडव, मग येते."

ठिपकूनं दोरी धरली. दातात. ओढली जोरात!
दोरी आणखी गुंतली.
"आई गं! ओढू नको! नांगीवाला कुणी तरी आण."

ठिपकू निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

ओल्या वाळूत होता खेकडा. एकटाच.
"खेकडेभाऊ खेकडेभाऊ, नांगी चालव.
नांगी नाही, तर दोरी नाही.
दोरी नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पापलेट नाही.
पापलेट नाही, तर शेपूट नाही.
आणि उद्या गुरुवार!"

खेकडा म्हणाला, "दमलो रे ठिपक्या, दमलो. दिवसभर बीळ खणलं. लाट आली, बीळ गेलं. माझ्याजवळ जरा बस, मग नांगी चालवतो."
"बसू? बसायला वेळ कुठंय? उद्या गुरुवार!"
"मग जा."

ठिपकू निघाला. टुपुक टुपुक... टुपुक... टुप.
ठिपकूचे पाय थांबले. तोही दमला होता.
तो मागे फिरला. आणि खेकड्याजवळ बसला.

लाट आली. लाट गेली.
"माझा दादा होता," ठिपकू म्हणाला.
"होता?"
"होता. नेहमी असा शेजारी बसायचा."
"आता कुठंय?"
"मावशी म्हणते, तो येणार नाही."

खेकडा जरासा सरकला. ठिपकूला टेकून बसला.
लाट आली. लाट गेली.
ठिपकूच्या गळ्यातून आवाज आला. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. खूप दिवसांनी आला.
"चल," खेकडा म्हणाला. "उठू या."

खेकड्यानं नांगी चालवली. कटक कटक कटक!
दोरी सुटली. सरसर निघाली. घागरीच्या गळ्यात बसली.
घागर विहिरीत गेली. डुबुक! पाणी घेऊन वर आली.
पाणी केळीला मिळालं. गटक गटक गटक.
केळीनं मान वर केली. आणि पान दिलं. हिरवं हिरवं, मोठं मोठं.

ठिपकूनं पान तोंडात धरलं. अगदी हळू.
वारा आला. पान हललं. फडफड फडफड.
ठिपकूचा पंजा उठला.
"अरे, थांब," ठिपकू म्हणाला. स्वतःलाच म्हणाला.
पंजा खाली आला.

मावशीच्या हातात काडेपेटी होती. दारात बायजा होती. बायजाच्या हातात ताट होतं.
"काय गं कुंदे, देतेस ना पापलेट?"
"म्याँव!"
"अगं बाई, पान आलं की! बायजा, पुढच्या वेळी हं."
"हात मेल्या ठिपक्या!" बायजा म्हणाली. रिकामं ताट घेऊन गेली.

मावशीनं दिवा लावला. मग चूल.
पापलेटला मीठ लावलं. हळद लावली. वर कोकमाचं आंबट पाणी. बस्स, इतकंच. दमलेल्या हातांना जमेल इतकंच.
पान आचेवर धरलं. पान मऊ झालं. त्यात पापलेट गुंडाळलं. निखाऱ्यांवर ठेवलं.
चुर्र चुर्र. चुर्र चुर्र.
एकदा उलटलं.
चुर्र चुर्र. चुर्र चुर्र.
घरभर वास सुटला.

मावशीनं पान उघडलं. वाफ आली. फुस्स!
पापलेट पांढरं पांढरं, मऊ मऊ.
मावशीनं शेपूट काढलं. करवंटीत ठेवलं. दोन तुकडे केले.
"हे ठिपकूचं. आणि हे..."
मावशीचा हात थांबला.
सवयच होती हाताला.
"अगं बाई," मावशी हळूच म्हणाली. डोळे पुसले पदरानं. "खा रे बाळा. दोन्ही खा."

ठिपकूनं एक तुकडा खाल्ला. चप चप चप. मिशा चाटल्या.
दुसऱ्या तुकड्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.
मग तो तोंडात धरला. आणि निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

ओल्या वाळूत होता खेकडा.
ठिपकूनं तुकडा खाली ठेवला.
"हे कुणाचं?" खेकडा म्हणाला.
"दादाचं आहे. तू खा."
खेकड्यानं खाल्लं. हळू हळू. कटक. कटक. कटक.

लाट आली. लाट गेली.
"उद्या काय?" खेकडा म्हणाला.
"उद्या गुरुवार. उद्या वरणभात."
"मग उद्या येऊ नको."
"शेपूट नसलं, तरी येईन," ठिपकू म्हणाला. "नुसतं बसायला."

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.
चूल विझली. मावशी निजली.
आता तूही नीज.