तळ्याच्या वाटेवरची शेवटची गाठ

फार पूर्वी कांपिल्य नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानाकाठी, वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. तेव्हा त्याचं नाव शमक. रानात खोल एक लहानसं तळं होतं. या कुळाबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पाहुण्याला तिथे नेताना वाटाड्या वळणावळणावर गवताची गाठ बांधी. परतताना पाहुण्याने त्या गाठी आपल्या हाताने सोडायच्या, म्हणजे वाट मागे उघडी राहत नसे.

राजा मनाने चांगला, पण भारी बोलका. दरबाराला कंटाळून एका सकाळी तो एकटाच शमकाकडे आला आणि तळं दाखव म्हणाला. अर्ध्या कोसातच त्याचे पाय कुरकुरू लागले. तोंड तर थांबलंच नव्हतं.

"अरे शमका, किती फिरवतोस! सरळ वाट नाही का?"

"आहे, महाराज. पण आपण हीच धरू," शमक हसून म्हणाला.

तळं दिसलं आणि राजाची बडबड बंद पडली. हरिणी पाडसांसह पाणी पीत होत्या. राजाने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. इतकं सुख त्याला सिंहासनावर कधी लाभलं नव्हतं.

"इथे महाल बांधतो," तो म्हणाला. "रथाची वाट काढू. ती तू दाखव, पाच गावं तुझी!"

शमकाने पाण्याकडे पाहिलं. उन्हाळ्यात साऱ्या रानाला एवढंच पाणी असे. इथे वर्दळ झाली, तर मुकी जनावरं तहानेने मरणार होती. पण राजाचा आनंद खरा होता, त्याच्यावर रागावणं काही शमकाला जमेना.

"गावं नकोत, महाराज. आधी रिवाजाप्रमाणे गाठी सोडू. शेवटची गाठ तुम्ही तशीच ठेवलीत, तर उद्या गवंड्यांना मी स्वतः घेऊन येईन."

राजा खूश झाला. पहिल्या गाठीपाशी वाकून त्याने विचारलं, "इथे वळलो का होतो रे?"

"समोर साळिंदराचं बीळ आहे. पिल्लं लहान आहेत."

दुसऱ्या गाठीपलीकडे लांडोरीची अंडी होती. तिसरीपाशी एक लंगडी हरिणी रोज दुपारी टेकायची. राजाचं बोलणं कमी होत गेलं. गवताने बोटं कापली, त्याचीही त्याने तक्रार केली नाही.

शेवटच्या गाठीपाशी मात्र तो आपणहून चार पावलं पुढे गेला. उघड्या मातीवर टिटवी अंडी उबवत होती. ती ओरडत उठली आणि पंख पसरून थेट राजाच्या अंगावर धावून आली. एवढीशी ती, पण राजा मागे सरला.

"रथ कुठून जाईल?" त्याने हळूच विचारलं.

"इथूनच, महाराज. सपाट जागा एवढीच आहे."

राजाने त्या सपाट जागेकडे पाहिलं, मग टिटवीकडे. महाल त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग तो वाकला आणि त्याने गाठ सोडली.

"आता मलाही वाट सापडायची नाही," तो जड आवाजात म्हणाला.

"मी आहे ना, महाराज. पुन्हा चालत येऊ."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचा गुरू, म्हणाला, "भिक्षूंनो, तो वाटाड्या मीच होतो. राजा म्हणजे आपला हा बोलका भिक्षू वरुणक. आणि ती टिटवी म्हणजे याची या जन्मीची आई. तेव्हा याने तिची अंडी राखली, आता तिने याला नऊ महिने पोटात राखलं."

वरुणकाने मान लववून हात जोडले. शास्त्याने त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि म्हटलं, "हीच मैत्री पारमिता, सर्व जिवांवरच्या मायेची परिपूर्णता."