पिटुकलीची शेपटी दारात

एक होतं मोठं शहर. शहरात होती सात नंबरची बस. बसमध्ये चढली चिचुंद्रीबाई. मागून चढली तिची पिटुकली. पिटुकली इवलीशी, शेपटी मात्र लांब. पिटुकली आत आली. शेपटी यायची होती.

तेवढ्यात दार मिटलं. धप्प.

"आई, माझी शेपटी," पिटुकली म्हणाली.

शेपटी दारात अडकली. टोक बाहेर लोंबत राहिलं. बस अजून उभी होती. बस सुटली, तर शेपटी तुटेल.

चिचुंद्रीबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली ड्रायव्हर उंटदादांकडे.

"उंटदादा, उंटदादा,
पिटुकलीची शेपटी दारात अडकली.
दार उघडता का?"

उंटदादा समोर बघत म्हणाले, "मी पुढचं बघतो, बाई. मागचं कंडक्टर बघतात. बगळेभाऊंनी एक घंटी दिली, की दार उघडतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्रीबाई गेली कंडक्टर बगळेभाऊंकडे.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ,
पिटुकलीची शेपटी दारात अडकली.
उंटदादा दार उघडेनात.
घंटी देता का?"

बगळेभाऊ एका पायावर उभे होते. दुसऱ्याला जागाच नव्हती.

"देईन की. पण दोरी म्हैसमावशींच्या पलीकडे आहे. मावशी पुढे सरकल्या, की घंटी देतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्रीबाई गेली म्हैसमावशींकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
पिटुकलीची शेपटी दारात अडकली.
उंटदादा दार उघडेनात.
बगळेभाऊ घंटी देईनात.
पुढे सरकता का?"

म्हैसमावशींनी नाक मुरडलं. "पुढे सरका, पुढे सरका. रोजचंच झालंय. सरकू कुठे? वाटेत कासवआजोबांची ट्रंक. आजोबांनी ट्रंक सारली, की सरकते."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्रीबाई गेली कासवआजोबांकडे.

"कासवआजोबा, कासवआजोबा,
पिटुकलीची शेपटी दारात अडकली.
उंटदादा दार उघडेनात.
बगळेभाऊ घंटी देईनात.
म्हैसमावशी पुढे सरकेनात.
ट्रंक सारता का?"

"सारेन गं. माझ्या सीटखाली सारेन. पण मागून बोकोबांनी तिथे पाय पसरलेत. त्यांनी पाय मागे घेतले, की ट्रंक सारतो."

"मग त्यांना सांगा ना, आजोबा."

"छे. झोपलेल्याला उठवणं बरं दिसत नाही. तू सांग."

चिचुंद्रीबाई थबकली. बोका म्हणजे बोका. पण मागे पिटुकली रडत होती. "आई, दुखतंय."

तुरु... तुरु... तुरु... चिचुंद्रीबाई गेली बोकोबांकडे.

बोकोबा झोपले होते. घुर्र, घुर्र. डोळे मिटलेले. एक कान मात्र जागा.

"बोकोबा, बोकोबा,
पिटुकलीची शेपटी दारात अडकली.
उंटदादा दार उघडेनात.
बगळेभाऊ घंटी देईनात.
म्हैसमावशी पुढे सरकेनात.
कासवआजोबा ट्रंक सारेनात.
पाय मागे घेता का?"

घुर्र, घुर्र.

"ऐकू नाही गेलं वाटतं," चिचुंद्रीबाई म्हणाली. ती सीटवर चढली. जमेल तितक्या मोठ्याने पुन्हा म्हणाली,

"पिटुकलीची शेपटी दारात अडकली.
उंटदादा दार उघडेनात.
बगळेभाऊ घंटी देईनात.
म्हैसमावशी पुढे सरकेनात.
कासवआजोबा ट्रंक सारेनात.
बोकोबा पाय घेईनात."

आता सगळ्या बसने ऐकलं. ज्याने त्याने आपापलं नाव ऐकलं.

उंटदादांनी मान खाली घातली. मान लांब, त्याला वेळ लागला. बगळेभाऊ उगाच तिकिटं चाळू लागले. म्हैसमावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर नुसती भिंत होती. कासवआजोबांनी डोकं कवचात ओढलं.

बोकोबांची घुरघुर थांबली. डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले. आणि हळूच पाय मागे घेतले.

मग आजोबांनी ट्रंक सारली. खर्र.
म्हैसमावशी सरकल्या. एकच पाऊल.
बगळेभाऊंनी दोरी ओढली. टण्.
उंटदादांनी बटण दाबलं. फुस्स.

दार उघडलं. पिटुकलीची शेपटी सुटली. मधोमध तिला एक घडी पडली होती.

चिचुंद्रीबाईने हात जोडले.

"बोकोबांनी पाय घेतले.
कासवआजोबांनी ट्रंक सारली.
म्हैसमावशी पुढे सरकल्या.
बगळेभाऊंनी घंटी दिली.
उंटदादांनी दार उघडलं.
उपकार झाले हो सगळ्यांचे."



पिटुकलीने विचारलं, "उंटदादा, बटण कुठे होतं?"

उंटदादा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पायाशीच होतं, बाळा. पहिल्यापासून."

"मग तुम्ही वाट कोणाची बघत होता?"

 

बोकोबांनी डोळे उघडले. उठले. "बस इथे," पिटुकलीला म्हणाले. मग आजोबा उठले. मग पुढची शेळी उठली. मग मागचे ससे उठले. सगळ्या जागा रिकाम्या, आणि सगळी बस उभी. सगळे आपापल्या पायांकडे बघत.

एकटी पिटुकली बसली, शेपटी मांडीवर घेऊन.

उंटदादांनी मान वळवली. पार मागच्या दारापर्यंत बघितलं.

"सगळे आत आलात का?"

"आले," पिटुकली म्हणाली. "शेपटीसुद्धा आली."

टण् टण्.

बस गेली आपल्या वाटेने, गोष्ट उतरली आपल्या थांब्यावर.