रत्नाईचा पाठराखा

फिरंग्यांनी लढाईत धरलेली ‘रत्नाई’ ही लढाऊ जहाजाच्या जातीची गुराब तहानंतर पाणी भरायला जैतापूरच्या बंदरात आली. तिला बांधणारा बाळोजी सुतार अजून तिच्यावरच कैदेत होता. वर्षभर समुद्राकडे डोळे लावून बसलेली त्याची बायको चिमाबाई होडी करून थेट कप्तानापुढे उभी राहिली.

“साहेब, माझा नवरा सोडा.”

कप्तानाला आपल्या मराठीचा भारी अभिमान. आजूबाजूच्या कोकणी खलाशांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “बाई, तुमची रत्नाई आता आमच्या घरची सून. नावही बदललं आम्ही. सुनेबरोबर आलं ते सगळं आमचं.”

चिमाबाईने डोलकाठीवरून हळूच हात फिरवला.

“सून तुमचीच. तिला कुठे परत मागते मी? पण नवरीसोबत आम्ही पाठराखा धाडतो. चार दिवसांनी सासरचे त्याला मानानं माहेरी पोचवतात. पाठराख्याला डांबून ठेवणारं सासर मी तरी पाहिलं नाही.”

खलाशी गालात हसले. सगळ्यांदेखत रत्नाईला ‘सून’ म्हणून बसलेल्या कप्तानाला आता मागे फिरता येईना. त्याने बाळोजीच्या बेड्या काढायला लावल्या.

परतताना बाळोजी होडीत किनाऱ्याकडे पाठ करून, रत्नाईकडे बघत बसला. गुराब दिसेनाशी होईपर्यंत चिमाबाईने नावाड्याला होडी सावकाश वल्हवायला लावली.